मातीचं विरजण

बाईंना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. जेवायच्या त्या उभ्याने, ओट्यापाशी, ताट हातात घेऊन. आणि दुसरा घास तोंडात असतानाच त्यांना मागच्या अंगणातलं काहीतरी आठवायचं. ताट तिथेच राहायचं. रिक्षात बसल्या तरी अर्ध्या वाटेत "थांबव, थांबव" करून उतरायच्या, कारण रस्त्याकडेच्या करंजाखाली कुणीतरी पाला पेटवलेला दिसायचा. मग झाडूवाला, रिक्षावाला आणि बाई असं तिघांचं जुंपायचं आणि मी रिक्षात नुसती मीटरकडे बघत बसायची. त्यांच्याबरोबर फिरलं की माझे पाय दुखायचे आणि दोन दिवस भेट नाही झाली की जिवाला चैन पडायचं नाही. आता त्या नाहीत. चैन अजूनही पडत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. काचसामान धुवायचं, मायक्रोस्कोप पुसायचे, मुलांनी फोडलेल्या वस्तूंवरून मुलांना झापायचं, ही माझी कामं. मुलं बाकी सगळ्यांना मॅडम म्हणत, यांना बाई. "मॅडम म्हटलं की मला कुणीतरी साड्या दाखवतंय असं वाटतं," असं त्या म्हणायच्या. मला मात्र मुलं ताई म्हणत आणि बाईही मुलांसमोर माझा उल्लेख ताई असाच करत. एकट्या असलो की "ए, इकडे ये गं."

दर वर्षी पहिल्या तासाला बाई वर्गात दह्याची वाटी घेऊन जायच्या. नवी मुलं एकमेकांना कोपरं मारायची. बाई वाटी टेबलावर ठेवून विचारायच्या, "दही कसं लावतात?" निम्म्या मुलांना वाटायचं, दही पिशवीतून येतं. मग बाई सुरू व्हायच्या. दूध कितीही चांगलं असो, नुसतं ठेवलं तर नासतं. दही हवं तर शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावं लागतं. झाडाचंही तेच. झाडाच्या मुळांत एक बारीक बुरशी राहते. मूळ जिथवर पोचत नाही तिथलं पाणी, तिथलं खत ती आणून देते आणि झाड तिला साखर देतं. जिथे डोंगर फोडला, माती उपसली, तिथली ही बुरशीही मेली. तिथे नुसतं रोप नेऊन लावलं तर ते करणार काय? म्हणून त्याच जातीच्या एखाद्या जुन्या, धडधाकट झाडाखालची मूठभर माती आणायची आणि रोपाच्या कुंडीत घालायची. हे विरजण.

"झाड एकटं नसतं रे," त्या म्हणायच्या. "आपण ते एकटं विकत आणतो, एकटं लावतो आणि मेलं की पावसाला नावं ठेवतो."

हे विरजण गोळा करायला त्यांच्या पर्समध्ये कायम श्रीखंडाचा रिकामा डबा आणि एक जुना कालथा असायचा. कुणाच्या घरी गेल्या की आधी अंगणात. माझ्या आईने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या चाळीमागच्या पांगाऱ्याखाली, उकिडवं बसून मातीचा वास घेताना. आईने मला आतून हाक मारली, "गो, तुझी ती मातीवाली बाय इली हा. तिका चाय नको, माती होयी!" बाईंनी चहाही घेतला, पण उभ्यानेच, आणि कपात मातीची बोटं बुडवून. आईने तो कप नंतर दोनदा घासला.

गोराईला तर मार खाता खाता वाचलो. खाडीवरच्या तरीतून उतरून गावात शिरल्यावर बाईंना एका घराच्या आवारात भलामोठा करंज दिसला. विचारायचं वगैरे सुचण्याआधीच कालथा मातीत. आतून गळ्यात क्रूस घातलेली एक धिप्पाड आंटी कोयता घेऊन बाहेर आली. "ए बाय, काय पुरतेस गो तिथं?" तिला वाटलं करणी. मी हात जोडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "पुरत नाही, नेतेय. विरजण." आंटीने कोयता खाली घेतला. "कशाचा, दुधाचा?" मग बाईंनी तिला तिथेच सगळा पहिला तास घेऊन दाखवला. आंटी अर्धा तास ऐकत राहिली. शेवटी तिनेच तांब्याभर पाणी आणून खणलेल्या जागी ओतलं आणि बाईंना बजावलं, "परत येशील तवा सांगून ये." बाई परत गेल्या. सांगून गेल्या की नाही ते मला विचारू नका.

राष्ट्रीय उद्यानातून मात्र त्यांनी चिमूटभर माती कधी उचलली नाही. परवानगीसाठी अर्ज करत राहिल्या, उत्तर आलं नाही, तरी नाही. आणि एका जागची माती दुसऱ्या जागी बुटांना चिकटून जाऊ नये, रोग पसरू नये, म्हणून प्रत्येक ठिकाणी तळवे ब्रशने घासायच्या आणि सोबत्यांनाही घासायला लावायच्या. एकदा कॉलेजच्या वृक्षारोपणाला मोठे पाहुणे आले होते. बाईंनी त्यांच्यापुढे ब्रश धरला. पाहुण्यांना वाटलं हा काही पारंपरिक विधी आहे. त्यांनी ब्रश कपाळाला लावून परत दिला.

जिवाणूंच्या बाटल्या विकणारे लोक यायचे, त्यांचाही असाच समाचार. "यातले जिवंत किती?" एवढंच बाई विचारायच्या. तो माणूस लेबल वाचायला लागला की बाई बाटली मायक्रोस्कोपकडे घेऊन निघायच्या आणि तो माणूस दरवाज्याकडे. बाई शंकेखोर होत्या, हे मी मुद्दाम सांगते. लेबलावर विश्वास नाही, पुस्तकावर नाही, आणि स्वतःवर तर सगळ्यात कमी. मोजल्याशिवाय त्या काही मानत नसत.

निवृत्तीनंतर त्या मुलुंडला राहत, डोंगराच्या बाजूला, तळमजल्यावर. इमारतीच्या मागे जुन्या खडीच्या खाणीने कापून ठेवलेला उघडाबोडका उतार होता. पावसाळ्यात त्यावरून मुरूम सरकायचा, कधी एखादा धोंडा पार्किंगमध्ये यायचा. सोसायटीने ठरवलं, उतारावर जाळी ठोकायची आणि सिमेंटचा फवारा मारून टाकायचा. बाई कमिटीच्या सभेत उभ्या राहिल्या (तिथेही बसल्या नाहीत) आणि म्हणाल्या, मला दोन पावसाळे द्या. मी झाडांनी तो धरून दाखवते. सेक्रेटरी भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, सायन्स वगैरे ठीक आहे हो, पण दगड आला ना खाली, तर वाट लागेल." पण दोन पावसाळे दिले.

बाईंचं वय त्या वेळी सत्तरीकडे झुकलेलं. त्या अशा धावत सुटल्या की बस. गोराई, दहिसरच्या नदीचा काठ, चेंबूरच्या एका कॉलनीतला जुना खैर, डबे भरून भरून आले. मागच्या अंगणात आम्ही करंज आणि खैराची रोपं केली, दोन ओळींत. एका ओळीत विरजण, दुसरीत नाही. बाकी माती तीच, पाणी तेच. दोन्ही ओळी उतारावर लावायच्या आणि बघायचं, कुठली तगते. बाईंना उतारही वाचवायचा होता, पण त्याहून जास्त त्यांना हे बघायचं होतं. आयुष्यभर वर्गात जे सांगितलं, ते आपल्याच दारातल्या या मेलेल्या मुरमात खरं ठरतं का?

एप्रिलमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आठ दिवस चेंबूरला बहिणीकडे राहिल्या. घराची किल्ली, पाण्याची झारी आणि वही माझ्या हाती. मी रोज कॉलेज सुटल्यावर घाटकोपरहून मुलुंडला जायची. तिसऱ्या दिवशी मला कुंड्यांत मातीवर पांढरी जाळी दिसली. चौथ्या दिवशी आणखी. आणि मी घाबरले. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत एकच गोष्ट शिकले होते, बशीत पांढरं दिसलं की बिघडलं, ताबडतोब मारायचं. बाईंची मेहनत माझ्या हातात कुजणार, या भीतीने मी कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेले आणि तिथल्या माणसाने दिलेलं बुरशीचं औषध पाण्यात मिसळून एकूण एक कुंडीत ओतलं. दोन्ही ओळींत. दोन दिवसांनी परत ओतलं. जाळी गेली. माझा जीव भांड्यात पडला. ज्या बाईने जन्मभर बुरशी जगवायला शिकवलं, तिच्या कुंड्यांत मी बुरशीचं औषध ओतलं, आणि हे मला ओतताना एकदाही सुचलं नाही. हसायचं असेल तर हसा. मी नाही हसू शकत.

सुचलं ते बाई परत आल्यावर. काळा चष्मा लावून त्या कुंड्यांवर वाकल्या आणि म्हणाल्या, "रोपं छान ठेवलीस गं. आता आत मुळांना बुरशी धरली असेल." त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पाणी घालू का?"

मग मी स्वतःला समजावत राहिले. थोडी उरली असेल. परत येईल. कधीतरी बाईच म्हणाल्या होत्या, चांगल्या मातीत ती आपोआप हळूहळू येते. पण खाणीच्या मुरमात ती येणार कुठून? जूनमध्ये रोपं उतारावर लावली. पहिला पावसाळा गेला. बाईंनी दोन्ही ओळींतली थोडी मुळं काढली, स्वयंपाकघरात उकळली, शाई आणि व्हिनेगरमध्ये बुडवली, कारण बुरशी असली तर ती शाई धरते आणि मायक्रोस्कोपखाली निळी दिसते. मुळं कोरी होती. दोन्ही ओळींची. बाईंनी वहीत लिहिलं, "फरक नाही." दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं मरू लागली. ही मेली तेवढीच तीही मेली. दुसरा पावसाळा झाला. "फरक नाही."

त्यानंतर बाईंनी फोन करायला सुरुवात केली.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. एका शनिवारी मी गेले तेव्हा त्या खोलीत येरझाऱ्या घालत कुणाशी तरी बोलत होत्या. "अगं, मी तुम्हाला विरजणाचं इतकं ठासून सांगायची ना, ते इथे खरं ठरलं नाही. हो, मी स्वतः केलं. तू शिकवतेस ना मुलांना, मग सांगताना जरा सांभाळून सांग." फोन ठेवला, समोरच्या कागदावर एका नावापुढे खूण केली आणि पुढचा लावला. जुने विद्यार्थी, पंचवीस-तीस वर्षांतले. ज्यांचे ज्यांचे नंबर मिळाले ते सगळे. मी म्हटलं, "बाई, व्हॉट्सॲपवर एकदाच टाका ना सगळ्यांना." तर म्हणाल्या, "शिकवलं होतं तोंडावर. चुकलं तेही तोंडाने सांगायला हवं." त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या. बोलता बोलता पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.

मी घरी आले आणि आईवर उगाच खेकसले.

सभा त्यानंतर आठवड्याने होती. बाईंनी सोबत मलाही नेलं, वही धरायला. सेक्रेटरींनी विषय काढला आणि बाई वाचू लागल्या. किती लावली, किती राहिली, कुठली कशी. शेवटची ओळ अशी होती, "मुळांना बुरशी धरली नाही. माझी पद्धत इथे चालत नाही. माझा अंदाज चुकला." एका काकांनी उगाच टाळी वाजवायला हात उचलले आणि परत मांडीवर ठेवले. आणि मी उभी राहिले. कशी ते मला माहीत नाही. गेलं दीड वर्ष जे लपवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. मी औषध मारलं. सगळ्या कुंड्यांत. बाईंना माहीत नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वहीकडे बघत विचारलं, "कुठलं औषध?"

मी नाव सांगितलं.

"किती पाण्यात?"

सांगितलं.

"किती वेळा?"

"दोनदा."

"दोन्ही ओळींना?"

"हो."

"मग ही तुलनाच नाही," बाई म्हणाल्या आणि सेक्रेटरींच्या पुढ्यातली अहवालाची प्रत ओढून शेवटच्या तीन वाक्यांवर काट मारली. मग म्हणाल्या, "मला अजून दोन पावसाळे हवेत."

"बाई, असं कसं?" सेक्रेटरी खरंच कळवळून बोलला. "तुमच्याच माणसाने झोल केला, आणि आम्ही अजून थांबायचं? खाली पोरं खेळतात ओ आमची." हात वर झाले. सिमेंट मंजूर. त्यांचंही काही चुकलं नव्हतं, हे मी आजही म्हणते.

खाली गेटपाशी मी बाईंना गाठलं. मी म्हटलं, "बाई, मला शिव्या घाला." त्या थांबल्या.

"उताराचं सोड," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं पोरांना खोटं शिकवलं असं वाटून मी रोज एकेका वर्गाला आठवत बसायची. तू समोर होतीस. चहा करून देत होतीस मला. तुला सांगावंसं वाटलं नाही?"

मी रडले, भर रस्त्यात, वॉचमनसमोर. बाईंनी मला रडू दिलं आणि मग चिडून म्हणाल्या, "बास. डबे काढ. परत लावायचं."

मला वाटलं होतं, आता त्या सगळ्यांना फोन करून सांगतील की माझं बरोबर होतं. छे! "तू औषध ओतलंस म्हणून मी बरोबर ठरत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याला माहीत नाही, एवढंच ठरतं." तेव्हा परत गोराई, परत दहिसर, परत दोन ओळी. या वेळी अंगणातच, खाणीचा मुरूम भरलेल्या मोठ्या पिंपांत, कारण मागे उतारावर जाळी ठोकायचं काम सुरू झालं होतं. त्या धुळीत, त्या खडखडाटात बाई पिंपांभोवती घिरट्या घालायच्या. पिंपांत पुन्हा पांढरी जाळी आली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. "ही बहुतेक आपली बुरशी नव्हेच. पाला खाणारी असेल, निरुपद्रवी. आपली तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण तुझ्या औषधाला काय, त्याने सगळ्यांनाच झोडपलं." हे सांगताना त्या हसल्या. माझ्याशी त्या मोकळेपणी हसल्या ते सभेनंतर पहिल्यांदा.

पुढच्या वर्षी विरजणाची ओळ दुसरीपेक्षा हातभर उंच झाली. मुळं शाईत बुडवली. बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, मग बाजूला सरकून मला जागा दिली. मुळाच्या आत निळ्या बारीक रेषा, फांद्या फुटलेल्या, टिपके टिपके. मी तीस वर्षं अशा काचा पुसल्या, पण त्यांच्यातून इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी मला ती यादी दिली. "आता फोन तू करायचेस. आणि 'बाई बरोबर होत्या' असं म्हणायचं नाही. तुलना बिघडली होती, दुरुस्त केली, फरक दिसला. एवढंच." मी शनिवारी-रविवारी थोडे थोडे फोन करू लागले. बाईंना रोज विचारायचं असायचं, "आज कोण झालं?" निम्मी यादी व्हायच्या आत, पौष महिन्यात, त्या गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. अंगणातली झाडं त्यांच्या बहिणीने गोराईच्या आंटीकडे पाठवली. मागचा उतार आता गुळगुळीत राखाडी आहे.

उरलेले फोन मी चालू ठेवले. बाई नाहीत, तेव्हा त्यांचं ऐकायचं कारण उरलं नाही. मी सगळ्यांना सरळ सांगते की बाई बरोबर होत्या. लोक चांगलं बोलतात. काहींना बाई गेल्याचं माझ्याकडूनच कळतं.

गेल्या रविवारी दहिसरच्या एका मुलीला लावला. मुलगी कसली, तीही आता शाळेत शिकवते. मी म्हटलं, "तुला बाईंचा फोन आला होता ना, विरजणाबद्दल? तो प्रयोग बिघडला होता गं." मला पुढे बोलूच न देता ती म्हणाली, "बघ! मी तेव्हाच म्हटलं होतं बाईंना. म्हटलं, बाई, तुमचं नाही चुकणार, कुंड्यांत कोणीतरी काहीतरी मारलं असणार, विचारा तरी एकदा. तर माझ्यावरच भडकल्या ना त्या. म्हणाल्या, कुंड्या ताईकडे होत्या, तिथे विचारायचं नसतं, दुसरं कारण शोध." ती जरा हसली, मग तिने विचारलं, "मग काय निघालं गं ताई कारण?"

मी तिला सांगितलं.